तिसऱ्या मजल्याचा प्रश्न

९ फेब्रुवारी

ती समोर राहते!!

नीट लिहितो.

सुट्टी म्हणून एजंटानं आज तिसऱ्या मजल्यावरचं घर दाखवायला बोलावलं होतं. बाबा, आई, मी. आईनं फाटकातूनच जिना वर पाहिला आणि वॉचमनच्या स्टुलावर बसली. म्हणाली, ‘तुम्ही बघून या. मी इथूनच पसंत करते.’ लिफ्टच्या जागी नुसती उभी विहीर आहे, तिच्या तोंडावर प्लायवूडची फळी ठोकलेली. एजंटानं फळीवर थाप मारली — ‘ऑर्डर गेलीय साहेब! दोन महिन्यांत काकू बटण दाबून वर.’ डोक्यावर गॉगल, तोंडात च्युइंगगम. तेव्हाच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती.

घर बरं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर. ओट्यामागच्या तीन-चार टाइल्स निघालेल्या. दाराच्या चौकटीवर कुणाच्या तरी पोराची उंची पेन्सिलीनं आखत नेलेली — माझ्या कमरेपर्यंत येऊन थांबलेली. बाबा एकेक नळ सोडून बंद करत होते. बाबांना घर म्हणजे नळ. मी गॅलरीचं दार ढकललं. अडकलं होतं. खांदा लावला, उघडलं —

आणि समोरच्या गॅलरीत, हाकेवर कसली, कुजबुजेवर म्हणायचं, कपड्यांचे चिमटे तोंडात धरून ती! कॉलेजातली ती!

‘तू?’ म्हणाली. चिमटे खाली पडले.

मी हसलो. मूर्खासारखा, सगळे दात काढून. तीही हसली असावी, नक्की नाही सांगता येत. ओला टॉवेल तारेवर तसाच टाकून आत गेली.

खाली पाहिलं तर आई स्टुलावर बसून, मान वर करून माझ्याकडेच बघत होती. तिनं हात हलवला. मीही हलवला.

हेच घर. दुसरं कुठलंही नाही.

१० फेब्रुवारी

मी कामाला आहे त्या वायंडिंगच्या दुकानात कॉइल चुकवली. पंपाची मोटर होती. वेढे मोजता मोजता मध्येच गॅलरी आली, तिथून पुढे सगळी तार तिच्या नावानं गेली. आर्मेचर (मालक — वायंडिंगवाल्याला दुसरं नाव काय ठेवणार?) म्हणाला, ‘अरे कॉलेजात पण असाच मोजायचास का? म्हणून हाकललं?’

हाकललं नाही. मी सोडलं. हजारदा सांगितलं. कॉलेजवाले ‘माफी लिहून दे’ म्हणाले, मी म्हटलं, ‘जो तिच्याबद्दल घाण बोलला त्याच्याकडून घ्या.’ त्याचा एक दात पडला, माझं एक कॉलेज पडलं. हिशेब मिटला.

पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तेच करीन.

११ फेब्रुवारी

घरात सध्या दुसरा विषय नाही. या खोल्या मार्चअखेर सोडायच्या आहेत, घरमालकाचा मुलगा बायको घेऊन येतोय. बाबांनी दोन घरं पाहून ठेवलीत. एक ते, तिसऱ्या मजल्यावरचं. दुसरं गोदामाच्या मागे, तळमजल्यावर. ते मीही पाहिलंय. दिवसा दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली की ट्रकचं मागचं चाक. पण तळमजला.

आणि आईच्या हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टरनं केव्हाच सांगितलंय — ‘जिने शक्यतो टाळा.’

ताईचा फोन स्पीकरवर होता. ‘बाबा, तुम्हाला वेड लागलंय का? आईला रोज तीन जिने?’ बाबा म्हणाले, ‘लिफ्ट येतेय.’ ‘आली की घ्या मग!’ मला म्हणाली, ‘तू तरी बोल की रे. एरवी सगळ्या जगाशी भांडतोस.’

मी म्हटलं, ‘तिकडे हवा चांगली आहे. आईला हवा हवी.’

माझ्याच तोंडून हे किती सहज निघालं! आई भांडी पुसत होती. वर पाहिलं नाही तिनं.

१२ फेब्रुवारी

बाबांनी निकाल लावला, म्हणजे न लावण्याचा निकाल लावला. ‘गुरुजींकडे प्रश्न लावू. ते घ्या म्हणाले तर तिसरा मजला. नको म्हणाले तर गोदामामागचं. मग कुणी हूं की चूं करायचं नाही.’

गुरुजी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर. मी त्याला कॅशियरच म्हणतो. पत्रिका-बित्रिका बघत नाही, फक्त प्रश्न बघतो. प्रश्न विचारणाऱ्यानं एक ते दोनशे एकोणपन्नासमधला आकडा मनात येईल तसा सांगायचा, त्यावरून तो त्या घटकेची कुंडली मांडतो. प्रश्नकुंडली. बाबांनी त्याला विचारून नोकरीतली बदली नाकारली, ताईचं लग्न ठरवलं, फ्रिजसुद्धा घेतला. बाटल्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात, तिथे एक खिळा कमी पडला तर दहा जणांना धारेवर धरतात — आणि घरात एका आकड्यापुढे हात जोडून उभे!

भेट वीस तारखेला मिळालीय.

माझं घर, माझं सगळं, म्हाताऱ्याच्या एका शब्दावर. अंगाचा तिळपापड होतोय.

१३ फेब्रुवारी

का म्हणून त्याच्या शब्दावर? फुटपाथवरून प्रश्नकुंडलीचं जुनं पुस्तक आणलं. मोबाइलवर एक ॲपही मिळालं — आकडा टाकला की कुंडली पुढ्यात.

तेव्हा आकडा मनात यायचा असतो ना? येईल. मीच आणीन.

१५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत पुस्तक. वाटतं तेवढं अवघड नाही, वायंडिंगसारखंच आहे. कुठलं टोक कुठे जोडलंय ते बघायचं. चौथं स्थान घराचं. अकरावं लाभाचं. बारावं खर्चाचं, कारण खिशातून गेल्याशिवाय घर येत नाही. तिघांची तार जुळली की घर होतं. नाही जुळली की नाही.

त्याच पानावर खाली लिहिलंय, चौथ्या स्थानावरूनच आईही बघतात. असेल. आपल्याला घर बघायचंय.

आर्मेचर पुस्तक बघून म्हणाला, ‘माझं दुकान कधी चालेल ते बघ.’ मी म्हटलं, ‘तुम्ही गिऱ्हाइकाशी नीट बोलाल तेव्हा.’ हसला. आज त्याच्याशीसुद्धा भांडण झालं नाही.

१६ फेब्रुवारी

आईच्या चष्म्याची दांडी निखळली. मी दुकानातली तांब्याची तार गुंडाळून दिली, बारीक, एकसारखी, अगदी कॉइलसारखी. ‘दागिना झाला की रे रागोबा!’ म्हणाली. रागोबा हे माझं घरातलं नाव. आता फक्त तीच म्हणते.

दुपारी म्हणे चष्म्याच्या दुकानात गेली होती, नीट स्क्रू बसवून घ्यायला. दुकान बंद होतं. मी आलो तेव्हा भिंतीला टेकून बसली होती, ओठ जरा निळे. मी ओरडलो — ‘मला सांगता येत नाही? एवढ्याशा स्क्रूसाठी उन्हात जायचं?’

‘बरं बाबा, चुकलं. पाणी दे.’

मग अगदी सहज विचारलं, ‘त्या घरासमोर कोण राहतं रे?’

‘मला काय माहीत!’

१८ फेब्रुवारी

मिळाला!! बरेच आकडे टाकून पाहिले. कुठे चौथं बिघडलेलं, कुठे अकरावं रुसलेलं. आणि हा — एकशे त्र्याहत्तर. वीस तारखेच्या संध्याकाळी लावला तर तिन्ही तारा जुळतात. कुठलाही कॅशियर ‘घ्या’च म्हणेल.

आरशासमोर म्हणून पाहिलं. आधी जरा थांबायचं. मग आकाशातून पडल्यासारखं — ‘एकशे... त्र्याहत्तर.’

आता एवढंच. बाबांच्या आधी माझ्या तोंडून निघाला पाहिजे.

२० फेब्रुवारी

झालं. सगळं लिहितो, पुढे कधी वाचायला मजा येईल.

कॅशियर ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर राहतो. जिन्यात वाफेचा आणि गरम कापडाचा वास, भर संध्याकाळी अंधार. बाबा भिंत चाचपत होते, तोवर आईनं दिव्याचं बटण दाबलं. वर पोचल्यावर तिला पाच मिनिटं बोलता आलं नाही. कॅशियरनं न मागता पाणी आणून ठेवलं.

टेबलावर पंचांगं, कॅल्क्युलेटर आणि ओल्या स्पंजची वाटी. अजून बोट भिजवून पानं उलटतो, नोटा मोजत असल्यासारखा. बाबांना म्हणाला, ‘प्रश्न कुणाचा?’

‘माझा... म्हणजे आमचा सगळ्यांचा.’

‘सगळ्यांचा प्रश्न नसतो हो. एकाचाच असतो. आणि एकदाच विचारायचा. वटलेला चेक परत काउंटरवर आणला तर मी काय करणार?’

बाबा अवघडले. ‘माझ्या तोंडून नेहमी कारखान्यातला हजेरीचा नंबरच येतो.’ मी तोंड उघडणार, एवढ्यात आईच म्हणाली —

‘त्याला सांगू दे. राहायचं तर पुढे त्यालाच आहे.’

नशीब बघा! एवढी तयारी केली, आणि आईनं आपणहून ताट वाढून पुढे केलं! मी डोळे मिटले. थांबलो. सांगितला.

कॅशियरनं कागदावर चौकोन काढले, भराभरा आकडे टाकले. मला एकेका कुंडलीला अख्खी सुट्टी पुरत नव्हती, यानं चहा गार व्हायच्या आत उरकलं. मुरलेला माणूस. मग पेन खाली ठेवलं आणि बाबांकडे नाही, माझ्याकडे नाही, आईकडे बघत बसला. ओळखलं यानं!

‘सांगू?’

आई म्हणाली, ‘सांगा की. त्यासाठीच आलेत ते.’

त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, ‘घ्या.’

एवढंच. बाबा कुठला ग्रह, कुठलं स्थान विचारत होते, तर म्हणाला, ‘चौथं बरं आहे.’ दक्षिणाही घेतली नाही. ‘आज राहू द्या.’ बाबा जिन्यात म्हणाले, ‘असा निर्लोभी माणूस शोधून सापडायचा नाही.’

मला जिन्यातच नाचावंसं वाटत होतं. आई एक हात कठड्याला आणि एक माझ्या खांद्याला लावून उतरली. खांदा दाबून म्हणाली, ‘झालं ना तुझ्या मनासारखं?’

‘माझ्या काय, सगळ्यांच्याच!’

२१ फेब्रुवारी

एकशे त्र्याहत्तर!!!

४ मार्च

टोकन दिलं. ताईनं फोन आपटला. भाऊजींनी परत लावला, म्हणाले, ‘लिफ्टचं लेखी घ्या.’ एजंट म्हणाला, ‘लेखी कशाला, मी आहे ना.’

२९ मार्च

सामान हललं. मी आणि हमाल. कपाट वळणावर अडकलं, सगळ्यांचा घाम निघाला. मला तर पंख फुटले होते. दर फेरीला समोरचं दार बघत होतो. बंद.

आईला शेवटी आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची. पहिल्या मजल्यावर म्हणाली, ‘छान वारा आहे रे.’ दुसऱ्यावर दोनदा पाणी मागितलं. घरात आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी उठून पहिल्यांदा काय केलं असेल, तर गॅलरीचं दार मला उघडायला लावलं.

समोर कपडे वाळत होते. तिचा पिवळा कुर्ता ओळखला.

६ एप्रिल

आठवडा झाला. ती दिसते. पाणी भरताना, कपडे काढताना, जिन्यात. दिसली की खाली बघते. लाजत असेल.

आई म्हणते, ‘मुलगी गोड आहे. आज मी बोलले तिच्याशी गॅलरीतून. परीक्षा आहे म्हणाली.’ मी म्हटलं, ‘कोण मुलगी?’ आई हसली. ‘तूच बाबा, दुसरं कोण!’

२२ एप्रिल

आज बोललो. लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो, नाहीतर काहीतरी फोडून टाकीन.

गच्चीच्या जिन्यात गाठली. म्हटलं, ‘किती दिवस टाळणार?’

‘टाळत नाहीये. बोलायला काही नाहीये.’

‘मी इथे कशासाठी आलो, तुला कळत नाही?’

तिनं बादली खाली ठेवली. ‘कळतं. म्हणूनच बोलत नाही. माझ्यासाठी मारामारी केलीस. मी सांगितलं होतं? मग सगळं कॉलेज माझ्याकडे बोट दाखवायचं, हिच्यामुळे दात पडला म्हणून. तू गेलास निघून, मी तिथेच बसले होते दोन वर्षं! माझ्यासाठी कॉलेज सोडलंस. सांगितलं होतं? आता घर. मी एकदा तरी काही मागितलं होतं तुझ्याकडे?’

मी एक पायरी पुढे झालो. तिनं हात आडवा धरला.

‘मला नोकरी लागलीय. दुसऱ्या गावी. परीक्षा झाली की जाणार.’ बादली उचलली. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. ‘तुझी आई फार चांगली आहे. त्यांना का आणलंस रे एवढं वर?’

गच्चीवर गेलो. टाकीवर बुक्के मारले. हात सुजलाय.

२३ एप्रिल

दुकानात गेलो नाही.

२४ एप्रिल

आज पण नाही. आईनं हाताला हळदीचा लेप लावला. फक्त म्हणाली, ‘मागच्यासारखं निघून नको जाऊस हं, रागोबा. कॉलेज सोडलंस तेव्हा चार दिवस तुझा पत्ता नव्हता. ते चार दिवस मला परत नकोत.’

‘कुठे जाणार मी.’

‘कुठेही. पण सांगून जा.’

१९ मे

ती गेली. खाली टॅक्सी, दोन बॅगा, तिचे वडील सूचना देतायत. टॅक्सीत बसताना वर पाहिलं तिनं. माझ्याकडे नाही. आईला हात केला.

समोरच्या तारेवर आता चिमटेच आहेत नुसते.

३ जून

डोकं शांत झालं आणि आजूबाजूचं दिसायला लागलं. दिसायला नको होतं.

आलो तेव्हापासून आई एकदाही खाली उतरलेली नाही. भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढते. शेजारणी नाहीत, बाजार नाही, मैदानाच्या कडेचा तिचा बाक नाही. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आजचं उद्या. घरातल्या घरात चालली तरी धाप लागते. सगळा दिवस गॅलरीत खुर्ची टाकून. मी विचारलं, ‘कंटाळा येत नाही?’

‘येतो की. पण इथून तू येताना कोपऱ्यापासून दिसतोस. किती तरातरा चालतोस रे! रस्त्याशीसुद्धा भांडण असल्यासारखा.’

एकशे त्र्याहत्तर. मी लावलेला आकडा. दुसरं कुणी नाही. मी.

१२ जून

काल एजंट खालीच सापडला, नवीन गिऱ्हाइकाला घेऊन. तीच फळी, तीच थाप — ‘ऑर्डर गेलीय साहेब!’ तळपायाची आग मस्तकात गेली. दिली एक कानाखाली. गॉगल गटारात. गिऱ्हाईक पळालं. फळी उचकटून काढली मी. आत बघितलं. खाली पाणी साचलंय, त्यात एक चप्पल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. वर चौकोनी आकाश. ना रूळ ना तार. कधी काही येणारच नव्हतं तिथे.

आज सकाळी बाबा एवढंच म्हणाले, ‘पण गुरुजी तर घ्या म्हणाले होते.’ लहान मुलासारखा चेहरा. सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं — आणि बंद केलं. एजंटाला मारायला हात उठतो. इथे जीभ उचलत नाही!

१ जुलै

आर्मेचरकडे आगाऊ पैसे मागितले. गोदामामागचं घर भाड्यानं तरी मिळतं का बघतोय. आईला म्हटलं, ‘खाली जाऊ या आपण.’

‘आता? एवढं सामान चढवलंस आणि आता परत उतरवणार? हमाल हसतील.’

‘हसू देत.’

‘बरं. पाऊस थांबला की बघू.’

१७ जुलै

पहाटे पडली. मोरीच्या दारात.

खाली अँब्युलन्स, वर आम्ही. स्ट्रेचर वळणावर फिरेना. ज्या वळणावर कपाट अडकलं होतं, तिथेच. शेवटी गॅलरीतली खुर्ची आणली, त्यात बसवली, ओढणीनं बांधली. पुढे मी, मागे समोरचे काका — तिचे वडील. बाबा हातात चप्पल घेऊन मागून. आईच्या चपला. तिला लागतील म्हणून.

आईचं डोकं माझ्या मानेवर होतं. श्वास कानात ऐकू येत होता. दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, ‘सावकाश. हात दुखेल तुझा.’

१९ जुलै

आई गेली.

२ ऑगस्ट

ताई आली होती, गेली. जाताना म्हणाली, ‘तुला एवढीच हवा हवी होती ना? खा आता हवा.’ बरोबर बोलली. मी तिच्या जागी असतो तर मारलं असतं मला.

बाबा नळ सोडतात, बंद करतात.

१८ ऑगस्ट

गॅलरीचं दार मी बंद केलं होतं. बाबांनी उघडलं. आम्ही दोघं एकमेकांशी भांडतसुद्धा नाही आता.

३० ऑगस्ट

ठरलं. उद्या कॅशियरकडे जाणार. आधी सांगणार — आकडा खोटा होता, मी शिजवून आणला होता. आणि मग गचांडी धरणार. एवढी वर्षं प्रश्न बघतोस, बाप तुझ्या शब्दावर उठतो-बसतो, तर समोर बसलेलं पोरगं खोटं बोलतंय हे तुला कळू नये? तू ‘नको’ म्हटलं असतंस तर? एक शब्द! त्याला मारीन. मग बाबांना सांगीन. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

३१ ऑगस्ट

मारलं नाही.

मी ओरडत होतो, तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘कुठला आकडा? मी तो मांडलाच नाही. नुसते चौकोन काढून वाटेल ते आकडे भरले. वटलेला चेक होता तो. तुम्ही यायच्या चार दिवस आधी तुझी आई येऊन गेली होती. एकटी. भर उन्हात. जिन्यात दोनदा बसली. मी तिला स्पष्ट नको म्हणालो — हे घर तुम्हाला सोसायचं नाही. म्हणाली, ते माझं मी बघेन. पण ते सगळे येतील तेव्हा घ्या म्हणून सांगा. पोरगा त्या गॅलरीत हसलाय. दोन वर्षांनी हसलाय.’

घरी आलो. कपाटातून चष्मा काढला. दांडीला स्क्रू नाही. माझीच तार आहे.